दऱ्या आणि दर्या: इंदुरात मराठी पुस्तक छापताना

मुलांसाठी लिहिलेली माझी विज्ञान-साहस कादंबरी एकदाची छापून आली. तीन मुलं टायटॅनियमच्या गोळ्यात बसून 6000 मीटर खोल समुद्रात उतरतात, अशी गोष्ट. आपली ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी तीन माणसांना तेवढ्याच खोलीवर न्यायला तयार होतेय, तिच्यावरून सुचलेली. लिहून झाली, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, अर्ज करून फुकटात मिळाला. घोडं अडलं ते छापखान्यात.

पहिलं प्रूफ आलं आणि पान 31 वर माझा जीवच बसला. मी लिहिलं होतं, ‘पॅसिफिकच्या तळाशी खोल दऱ्या आहेत, त्यांत गाळ साचतो.’ छापलं होतं, ‘तलाशी खोल दर्या आहेत, त्यांत गाल साचतो.’ दर्या म्हणजे खुद्द समुद्र! समुद्राच्या पुस्तकात नेमका हाच शब्द बिघडावा?

“मॅडम, फॉन्ट बिगड़ गया था, मैंने सब ल कर दिया,” ऑपरेटर म्हणाला. काळोखाचा कालोख, मासळीची मासली. हिंदीत वाढलेल्या डोळ्याला ळ परका वाटणार, हे मला कळतं. पण विचारायचं तरी! आणि माझी फाइल युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहतात त्या पद्धतीतली; त्यांचं काम जुन्या फॉन्टात. तिकडे नेताना प्रत्येक ‘ऱ्या’वर रफार चढला होता. चित्रं बसवून झाल्यामुळे मांडणी नव्याने करायला मालक तयार होईनात. सगळ्या ‘ल’चा एकदम ‘ळ’ही करता येईना, कारण मग लाट, खोल, जलचर यांचीही वाट लागते. शेवटी लाल पेन घेऊन 142 पानं चार वेळा तपासली. पाच आठवडे गेले. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून सांगते, आगाऊ पैसे देण्याआधी एक पान नमुन्याला लावून घ्या. त्यात तळ, गाळ, दऱ्या, खोऱ्यात हे शब्द असू द्या. काम युनिकोडमध्येच करणार का, हे आधी विचारा. आकडे वेगळे तपासा. दर 10 मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, म्हणजे 6000 मीटरवर सहाशेपट. एक शून्य गळलं तर मुलं तेच खरं धरून चालतील.

आणि हो, मुखपृष्ठ! ते दुसऱ्याच माणसाने केलं होतं. छपाईच्या आदल्या रात्री माझ्या भाचीने मागचा मजकूर मोठ्याने वाचला, “समुद्राच्या तलाशी...” आणि थांबून म्हणाली, “मावशी, इथे पण ल आहे.”