१४१२ तास आणि एक लाल कार्ड

सोमवार, रात्री

आज महिन्याचा फॉर्म भरला. एकूण १४१२ तास झाले, अजून ५८८ बाकी. बीसीबीए, म्हणजे वागण्याचं विश्लेषण करणारी सर्टिफाइड तज्ज्ञ (या कामाला एबीए म्हणतात, मी ते ऑटिस्टिक मुलांसोबत करते), व्हायचं तर मास्टर्स लागतं, त्यात ठरलेले विषय झालेले लागतात आणि त्यावर हे २००० तासांचं प्रत्यक्ष काम, तेही सर्टिफाइड सुपरव्हायझरच्या हाताखाली. १५०० तासांचाही एक मार्ग आहे पण त्यात सुपरव्हिजन दुप्पट लागतं, महिन्याच्या तासांच्या १० टक्के, माझ्या मार्गात ५ टक्के पुरतं. महिन्याला किती तास धरायचे यालाही वरची मर्यादा आहे, त्यामुळे माझ्या मार्गाने कितीही राबलं तरी वर्षाच्या वर जातंच. माझे ८० च्या आसपास होतात, कधी त्याहूनही कमी.

सुरुवातीला एका नियमाचा फार राग यायचा. मुलासोबत बसून थेट शिकवायचं जे काम आहे ते एकूण तासांच्या ४० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. बाकीचे ६० टक्के निरीक्षण, असेसमेंट, ग्राफ काढणं, प्रोग्रॅम लिहिणं, आईवडिलांना आणि स्टाफला शिकवणं यातून यायला लागतात. मी आधी आरबीटी होते ना, म्हणजे ४० तासांचं ट्रेनिंग घेऊन मुलांसोबत सेशन करणारी, आणि मला तेच आवडायचं. मुलं सोडून लॅपटॉपसमोर बसायचं कशाला असं वाटायचं. आता वाटत नाही, का ते बुधवारचं लिहीन तेव्हा येईलच.

आईने आज फोनवर परत विचारलं, तू नक्की काय करतेस गं, डॉक्टर की टीचर? मी म्हटलं दोन्ही नाही. माणूस एखादी गोष्ट का करतो हे त्या गोष्टीच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं यात शोधायचं, आणि मग आधीचं किंवा नंतरचं बदलून बघायचं. ती म्हणाली एवढंच? हो, एवढंच. पण हे एवढंच शिकायला मला चार वर्षं लागताहेत.

बुधवार

हे मला नीट लिहून ठेवायचंय.

एक मुलगा आहे. नाव नाही, वय नाही, फक्त 'तो'. बोलत नाही, टेबलावर काम सुरू झालं की स्वतःचा हात चावतो. हाताच्या पाठीवर कायम वळ असतात. माझ्याकडे केस आली तेव्हा आधीच्या नोट्समध्ये लिहिलेलं होतं की लक्ष वेधण्यासाठी करतो, आणि मी ते धरूनच चालले. कारण तो चावला की सगळे धावायचे, अरे अरे नको म्हणायचे, मग अटेन्शनच असणार ना. मी प्लॅन लिहिला: चावला की लक्ष द्यायचं नाही, चेहरा शांत ठेवायचा, हातातलं काम बाजूला ठेवायचं, वीस सेकंद थांबायचं, मग परत सुरू करायचं. वाचायला अगदी बरोबर वाटत होतं.

दहा दिवसांत चावणं वाढलं. मी स्वतःला सांगितलं की हा एक्स्टिंक्शन बर्स्ट आहे, म्हणजे मिळत होतं ते मिळायचं बंद झालं की काही काळ वागणं उसळतं, मग उतरतं. पुस्तकात तसंच आहे. पण ते उतरेना. ग्राफची रेघ सरळ वरच चढत होती आणि मी मात्र अजून दोन दिवस, अजून दोन दिवस करत राहिले. त्या दोन-दोन दिवसांत त्याच्या हातावर काय झालं हे मी पाहिलंय, ते विसरायचं नाही म्हणून इथे लिहितेय.

माझ्या सुपरव्हायझरने ग्राफकडे बघितलंच नाही आधी. त्यांनी विचारलं, "तो चावला की टेबलावरचं काम कुठे जातं?"

मी म्हटलं बाजूला ठेवते.

त्या काही बोलल्या नाहीत. मलाच कळलं, आणि अक्षरशः पोटात गोळा आला. लक्ष न द्यायच्या नादात मी प्रत्येक वेळी काम उचलून घेत होते. त्याला माझं लक्ष नकोच होतं, त्याला काम नको होतं, आणि चावलं की काम जातं हे मीच त्याला रोज पंधरा-वीस वेळा शिकवत होते. यालाच निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात. नाव ऐकून लोकांना शिक्षा वाटते पण शिक्षेचा इथे काही संबंध नाही: नकोशी गोष्ट दूर झाली म्हणून वागणं वाढतं, बस. डोकेदुखीची गोळी आपण परत परत घेतो ते त्याचमुळे. परीक्षेसाठी ही व्याख्या मी शंभर वेळा पाठ केली असेल.

मग आम्ही मुळापासून सुरू केलं. पहिल्यांदा व्याख्या. चावणं म्हणजे काय? तोंडाला हात लावणं धरायचं का? दात टेकले पण दाबले नाहीत तर? दोघींनी एकच व्हिडिओ वेगवेगळा बसून मोजला, मग आकडे ताडून बघितले, ८० टक्क्यांच्या वर जुळेपर्यंत व्याख्या परत परत लिहिली. मग तीन दिवस नुसता एबीसी डेटा: आधी काय, काय केलं, नंतर काय. काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. ते तीन दिवस मला जड गेले पण त्या कागदांवर सगळं होतं. एकटा असताना चावत नव्हता, खेळताना नाही, मी दुसऱ्याशी बोलत असताना एकदाच. कामाच्या वेळी मात्र जवळपास प्रत्येक वेळी, आणि त्यातही पेन्सिल धरायची असेल तेव्हा सगळ्यात लवकर.

ते ६० टक्के तास कशासाठी आहेत हे मला या तीन दिवसांत कळलं.

ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हेच पद्धतशीर करून दाखवलं होतं, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांसोबत. लक्ष, मागणी, एकटेपणा, खेळ अशा वेगवेगळ्या परिस्थिती मुद्दाम तयार करून, कुठे वागणं वाढतं ते बघायचं. वरवर सारखंच दिसणारं वागणं एका मुलात एका कारणाने आणि दुसऱ्यात भलत्याच कारणाने होतं हे त्यातून दिसलं. आणि १९८५ मध्ये कार आणि डुरांड या संशोधकांनी पुढचं पाऊल दाखवलं: कारण कळलं ना, मग तीच गोष्ट मागायचा दुसरा मार्ग शिकवा. काढून घेऊ नका, मागायला शिकवा.

तर लाल कार्ड. त्यावर हाताचा पंजा काढलाय, अर्थ एकच, 'थांब'. त्याने ते माझ्या हातात दिलं की काम लगेच बाजूला, एक मिनिट ब्रेक. सुरुवातीला मागे बसलेली दुसरी व्यक्ती त्याचा हात हलकेच धरून कार्डापर्यंत न्यायची, मग फक्त कोपराला स्पर्श, मग तोही नाही. पहिल्या दिवशी त्याने ३१ वेळा कार्ड दिलं. एकतीस! आणि मी एकतीस वेळा थांबले. काम जवळपास शून्य झालं. त्याच्या आईने काचेतून बघितलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, असं केलं तर तो शिकणार कधी?

त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मी त्यांना म्हटलं, ताई, आज त्याने कामाचं एक पानही केलं नाही हे खरंय, पण आज तो दोनदाच चावला. त्या बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत होत्या.

शुक्रवार

अभ्यास. परीक्षेत १८५ प्रश्न असतात, त्यातले १७५ मोजतात, १० नुसते चाचणीसाठी घातलेले असतात आणि ते कुठले हे आपल्याला कळत नाही. वेळ ४ तास. पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण गेली काही वर्षं निम्म्याच्या थोडंसंच वर आहे, हे वाचल्यापासून पोटात फुलपाखरं नाही तर दगड आहे.

आज मँड आणि टॅक्ट केलं. मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९५७ मध्ये भाषेचं हे वर्गीकरण मांडलं. तहान लागली म्हणून 'पाणी' म्हटलं तर मँड, पाणी दिसलं म्हणून 'पाणी' म्हटलं तर टॅक्ट, कुणी म्हटलं म्हणून मागोमाग म्हटलं तर एकोइक. शब्द एकच आणि कामं तीन. चित्र बघून पन्नास शब्द सांगणारं मूल तहान लागल्यावर रडतं, याचं कोडं मला आरबीटी असताना सुटायचं नाही. मागायला कुणी वेगळं शिकवलेलंच नसतं.

एका मैत्रिणीने मेसेज करून विचारलं की तिला पण हे करायचंय, कुठून सुरू करू. पहिली गोष्ट सांगितली ती ही की बीसीबीए देणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाने १ जानेवारी २०२३ पासून नवीन अर्ज, मोजके अपवाद सोडले तर, अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांपुरतेच ठेवलेत. लोक भरमसाट फी भरून कोर्स करतात आणि मग हे कळतं, वाईट वाटतं. दुसऱ्या देशांत राहणाऱ्यांसाठी वेगळ्या संस्थांची वेगळी सर्टिफिकेट्स आहेत, त्यांचे नियम आधी वाच, कोर्स नंतर निवड, आणि सुपरव्हायझर कोण असणार हे सगळ्यात आधी विचार. तास मोजणारा सुपरव्हायझर कुणीही मिळतो गं, टेबलावरचं काम कुठे जातं असं विचारणारा मिळायला हवा.

शनिवार

झोप येत नाहीये, एक गोष्ट मनात आहे.

एबीएमधून लहानपणी गेलेली, आता मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं जे लिहितात ते मी वाचते. बरेच जण म्हणतात की आम्हाला त्रास झाला, आम्हाला गप्प बसायला, डोळ्यात बघायला, हात न हलवायला शिकवलं, आमच्या 'नाही' ला किंमत नव्हती. माझ्या क्षेत्रातल्या काही लोकांना हे ऐकलं की राग येतो, ते म्हणतात ते जुनं एबीए होतं. जुनं होतं हे खरं आहे. मानसशास्त्रज्ञ लोव्हासचा १९८७ चा अभ्यास ज्याच्यावर हे सगळं मोठं झालं, १९ मुलं, आठवड्याला ४० तास, त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत गेली असं त्यात आहे, त्याच कामात मुलाला जोरात 'नो' म्हणणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. हे मला कोर्समध्ये एका ओळीत सांगितलं गेलं. एक ओळ कमी आहे.

आणि मी? मी कुणाला चापट मारलेली नाही. पण दहा दिवस एक मुलगा मला हात चावून 'नको' म्हणत होता आणि मी त्याला बर्स्ट म्हणत होते. त्यामुळे 'ते जुनं होतं' हे वाक्य मी वापरणार नाही.

आमच्या बोर्डाच्या २०२२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेत असेंटचा उल्लेख आहे, म्हणजे पालकांनी सही केली तरी शक्य असेल तिथे मुलाची स्वतःची तयारी पण बघायची. मी आता प्रत्येक प्रोग्रॅमच्या वरच दोन ओळी लिहिते: हे मूल 'हो' कसं दाखवतं, 'नाही' कसं दाखवतं. त्याच्या बाबतीत: हो म्हणजे खुर्ची पुढे ओढतो. नाही म्हणजे खांदा वळवतो. खांदा चावण्याच्या कितीतरी आधी वळतो, जुन्या व्हिडिओत पण वळलेला दिसतोय, प्रत्येक वेळी. मी बघत नव्हते.

रविवार

उद्यासाठी ग्राफ तयार केला. कार्ड सुरू होऊन तीन आठवडे झाले, चावणं दिवसाला शून्य किंवा एक, कार्ड ३१ वरून १२ वर आलंय, कारण मी पेन्सिल जाड केली आणि कामाचे तुकडे लहान केले. कार्ड कमी करायचं असं मी ठरवलेलं नव्हतं, त्यालाच कमी लागतंय.

उद्यापासून पहिल्यांदा त्याला ब्रेकसाठी थोडं थांबायला लावायचं आहे. कार्ड दिल्यावर 'हो, हे एक करू आणि मग ब्रेक' म्हणायचं, फक्त एक, पाच सेकंदांचं. खांदा वळला तर लगेच ब्रेक, हे प्लॅनमध्ये ठळक लिहिलंय आणि सेशन घेणाऱ्या आरबीटीला दोनदा करून दाखवलंय. ग्राफवर उद्याच्या तारखेला, इथून प्लॅन बदलला हे दाखवणारी उभी तुटक रेघ मारून ठेवली, तिच्या उजवीकडे अजून काहीच नाही.

त्याच्या आईचा मेसेज आला संध्याकाळी. घरी जेवताना त्याने ताट सरकवलं, उठला, बॅगेतून लाल कार्ड काढून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी विचारलंय, घरी पण थांबायचं का?

मी लिहिलं, हो, थांबा.