नमो मालिये

नगरहून निघालो तेव्हा गळ्यात जपमाळ होती आणि तिच्याच शेजारी दोरीला बांधलेली छोटी पाटी. हरेगावच्या यात्रेला पायी जाताना जपमाळ पुढून सांगायचे काम इतकी वर्षे माझ्याकडे असायचे. या वर्षी नव्हते. जुलैत उजव्या स्वरतंतूवरचा पॉलिप, म्हणजे छोटी गाठ, काढला. आधी पाच दिवस पूर्ण मौन, मग दिवसाला काही मिनिटे, असे करत आवाज परत आला होता. सोमवारपासून पहिलीचा वर्ग पुन्हा हाती येणार होता. त्याआधी मतमाउलीच्या, म्हणजे हरेगावच्या मारियामातेच्या, पायाशी जाऊन यायचे होते.

डॉक्टरांची परवानगी मिळाली ती अटीवर: तासाला दहा मिनिटांहून जास्त आवाज वापरायचा नाही आणि हमरस्त्यावर तर अजिबात नाही. अट मला पटलेली होती. बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. तासभर सलग आवाज काढला तर 7 लाख 20 हजार वेळा. त्यात शेजारून ट्रक जात असेल तर आवाज आपल्या नकळत चढतो, आणि आपटणे अधिक जोराने होते. पहिलीच्या वर्गात पाढे, गोष्ट, ओरडा, कविता असे दिवसभर चालते, तेव्हा हाच मार बसत राहतो. कुजबुजणेही बरे नाही, त्यात गळा आवळला जातो. घसा खाकरणे त्याहून वाईट. खाकरावेसे वाटले की पाण्याचा घोट घ्यायचा आणि गिळायचा. पाटी होती ती आवाज वाचवण्यासाठीच. वहीपेक्षा पाटी बरी, सप्टेंबरच्या पावसात कागद तासाभरात लगदा होतो.

विळदचा घाट, देहरे, कृषी विद्यापीठ, राहुरी. गुरुवार आणि शुक्रवार एकमेकांत मिसळून गेले आहेत. बाजरीची कणसे, उसाचे पाट, टेंपोवरचा भोंगा. त्या भोंग्याचा मला फार त्रास झाला. भजन थांबले की खरखर, खरखर थांबली की सूचना. मारियामातेचे नाव घेत असतानाही माझ्या मनात राग होता, आणि तो राग घेऊनच मी मणी पुढे सरकवत होते.

जपमाळ सांगायला या वर्षी माझ्याच वर्गातली एक पोर उभी राहिली. सहा वर्षांची. तिचे बाबा टेंपो चालवत होते, ती थोडे चालायची, थोडे टेंपोत बसायची. पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि सुरुवातीचे तीन मणी धरून त्रेपन्न वेळा 'नमो मारिये', सगळे पाठ. पुढचा अर्धा भाग तिचा, मागचा सगळ्यांचा. फक्त तिच्या तोंडी 'र' येत नाही. "नमो मालिये." पहिल्या दशकाला मागून हसू आले. तिसऱ्याला एका काकांनी तिला थांबवले. "र म्हण. र्र्र. मारिये. जोरात म्हण." तिने जोरात म्हटले, "मालिये." पुन्हा हशा. चौथे दशक तिने सांगितलेच नाही, टेंपोत जाऊन बसली.

मी पाटीवर 'थांबा' लिहून काकांपुढे धरली. त्याहून जास्त त्या क्षणी लिहिता आले नाही, म्हणून आता लिहिते. सहा वर्षांच्या मुलाला 'र' न येणे हे हट्टाचे किंवा लाडाचे लक्षण नाही. 'र' हा उशिरा पक्का होणाऱ्या आवाजांपैकी एक आहे. 'ल' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकून राहते आणि हवा दोन्ही बाजूंनी जाते. 'र' म्हणताना टोक जवळपास तिथेच लागते, पण लगेच सुटते. म्हणजे हे मूल जागा बरोबर पकडते, सुटका तेवढी जमत नाही. जोर लावायला सांगितला की जीभ ताठ होते, जबडा घट्ट होतो आणि सुटका आणखी अवघड होते. काका जे करत होते ते नेमके उलटे होते.

करायचे ते असे. आधी कान. 'मार' आणि 'माल', 'गार' आणि 'गाल', 'तार' आणि 'ताल' अशा जोड्या आपण म्हणायच्या आणि मुलाने नुसते बोट दाखवून फरक सांगायचा. तोंड उघडायला लावायचे नाही. फरक ऐकूच येत नसेल तर, आणि सतत सर्दी किंवा कान वाहणे असेल तर लगेच, ऐकण्याची तपासणी करून घ्यायची. मग जीभ सैल सोडून हलका, भरभर 'द-द-द-द'. वेग वाढला की त्यातून एखादा 'र' आपोआप निसटतो. तो निसटला की तिथेच थांबून मुलाला सांगायचे, "हाच." त्यानंतर 'त्र' आणि 'द्र', कारण 'त' आणि 'द' जिभेला आधीच तिथे नेऊन ठेवतात. पुढे 'रा, री, रू', मग शब्द, मग वाक्य. पाच-पाच मिनिटे दिवसातून तीनदा. अर्धा तास सलग बसवले की मूल कंटाळते आणि आवाज बिघडतो. चारचौघांत तर कधीच नाही.

आपल्या प्रार्थनेत जोडाक्षरे खूप, म्हणून मुलांची भंबेरी प्रार्थनेत जास्त उडते. लहान मूल 'प्रभू'चा 'पबू' आणि 'क्रूस'चा 'कूस' करते. ही पोर 'प्लभू' आणि 'क्लूस' म्हणत होती. म्हणजे तिच्या जिभेला तिथे दोन आवाज आहेत हे कळलेले होते. ही प्रगती आहे, आणि तिला कुणी शाबासकी दिली नाही.

शुक्रवारी दुपारी राहुरी फॅक्टरी मागे टाकल्यावर माझी डावी टाच गेली. सकाळी पावसात मोजा भिजला होता आणि मी तो बदलला नाही. ओल्या कातडीवर घासणे वाढते, आधी तिथे चटका लागल्यासारखे वाटते. तेव्हाच थांबून पट्टी चिकटवली तर फोड येत नाही. मी थांबले नाही, भोंग्याच्या पुढे निघून जायचे होते. फोड रुपयाएवढा झाला आणि पाय टेकवेना. बाकीचे पुढे गेले. ती पोर मात्र टेंपोत बसायला तयार नव्हती. तिला माझ्या पाटीवरची अक्षरे वाचायची होती.

उसाच्या कडेला एक वस्ती होती. दारात सत्तरीच्या आजी शेंगा निवडत बसलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. मी पाटीवर 'फोड' लिहिले आणि आजींपुढे धरली. त्यांनी मान हलवली, "मला न्हाई वाचता येत." मग पोर पुढे झाली.

"आजी, आमच्या बाईंना बोलायचं नाहीये. पायाला मोठ्ठा फोड आलाय. गलम पाणी आहे का?"

"गरम पाणी? हाय की. चुलीवर गरमच हाय."

"आणि सतलंजी?"

"सतरंजी बी देते. बैस, सतरंजीवर बैस. कुठं निघालात?"

"हलेगावला."

"हरेगावला व्हय? मतमाउलीला. लई लांबून आलीस गं."

तीन वेळा चुकलेला शब्द तीन वेळा नीट होऊन तिच्याकडे परत गेला. आजी हसल्या नाहीत, तिला थांबवले नाही, 'म्हण' म्हणाल्या नाहीत. बोलणे चालूच राहिले. बोलायला शिकवणारे पालकांना हेच करायला सांगतात आणि पालकांना ते महिनोन्महिने जमत नाही. मी सतरंजीवर बसून रडले, आवाज न करता.

आजींनी पितळी घंगाळात कोमट पाणी दिले, वर मीठ टाकले. फोडातून सुईने दोरा ओवून ठेवावा असे त्यांचे म्हणणे होते. मी हात जोडून नको म्हटले, कारण दोऱ्यातून घाण आत जाते. टेकवता येत असेल तर फोड फोडूच नये. टेकवता येत नसेल तर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला खालच्या बाजूला एक-दोन भोके पाडावीत, पाणी हलके दाबून काढावे आणि वरची कातडी जागेवर ठेवावी. तीच खालच्या कच्च्या कातडीचे झाकण असते. वर स्वच्छ पट्टी. मधुमेह असेल तर यातले काहीच स्वतः करू नये, डॉक्टरकडे जावे. निघताना आजींनी मुलाचे जुने, कोरडे मोजे माझ्या हातात कोंबले. पैसे घेतले नाहीत. माझ्या जपमाळेला बोट लावून तेच बोट कपाळाला लावले.

त्या रात्री देवळाली प्रवराच्या पुढे मुक्कामी पोर माझ्या पांघरुणात आली. आम्ही अंधारात 'द-द-द' खेळलो, माझ्या वाट्याची दहा मिनिटे त्यात गेली. 'पवित्र' म्हणताना चौथ्या-पाचव्या वेळी एक 'र' निसटला. "हाच," मी म्हटले. तिला तो पुन्हा सापडला नाही, आणि मी मागितलाही नाही.

सोमवारचे ठरलेले आहे. पहिला आठवडा रोज दोनच तास. कमरेला छोटा माइक. मुलांना शांत करायला ओरडा नाही, तीन टाळ्या. फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, फडके ओले ठेवायचे. मधल्या सुट्टीत ग्लासभर पाण्यात नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचे, पाच मिनिटे. त्याने तंतूंवरचा ताण उतरतो.

श्रीरामपूर, मग शनिवारी दुपारी हरेगाव. 1949 पासून भरणारी यात्रा, संत तेरेजा मंदिराभोवती पाय ठेवायला जागा नाही. मिस्सापूर्वी, म्हणजे मुख्य उपासनेआधी, शेवटची जपमाळ होती. काका तिच्याकडे बघून काही बोलणार तेवढ्यात मी पाटी वर केली. तिने माझा हात धरला, पहिला मणी पकडला आणि सुरुवात केली, "नमो मालिये." मागून शंभरेक जणांनी पुढचे उचलले. मी नुसते ओठ हलवले.