फेस न येणारा धंदा : आमची वाटचाल

२०१८ मध्ये नागपुरात घराच्या गच्चीवर दोन निळे ड्रम ठेवून बायोएन्झाइम, म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी, बनवायला सुरुवात केली. प्रमाण तुम्हाला पाठच असेल : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, नव्वद दिवस. दोनशे लिटरच्या ड्रमात आम्ही दहा किलो गूळ, तीस किलो संत्र्याच्या साली आणि शंभर लिटर पाणी घालतो. आंबताना वायू सुटतो, म्हणून वर जागा मोकळी हवीच. लोक काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरतात, झाकण गच्च लावतात आणि मे महिन्यात बरणी फुटली की आम्हाला फोन करतात. आमच्या झाकणाला फिशटँकची नळी आहे, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. ही युक्ती माझ्या दिरांची. पहिल्या महिन्यात रात्री त्या बाटलीचं बुडबुड ऐकू आलं की मला शांत झोप लागते.

दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची संत्री बाजारात आली की ज्यूसवाले पोती भरून साली देतात. एरवी आमचे तारणहार म्हणजे एक सावजी भोजनालयवाले भाऊ. सावजीच्या प्रत्येक ताटात लिंबाची फोड असतेच. पण पिळलेली लिंबं रश्श्याच्या तर्रीत पडली तर ती मी घेत नाही, तेलाने ड्रमाला वास धरतो. भाऊंनी त्यासाठी वेगळा डबा लावला. आमचं पहिलं कॅनही त्यांनीच घेतलं. त्यांच्या मोरीत तेलाचा असा थर बसायचा की पाणी उलटं यायचं. रोज रात्री तांब्याभर ओतायला सांगितलं, आणि तेव्हापासून ते ओतताहेत.

करोनात ज्यूसवाले बंद, साली नाहीत. बाकी ती वर्षं ठीक गेली.

२०२२ मात्र विसरता येत नाही. सहा महिने आमच्याकडे ड्रम ढवळलेल्या एका मुलाने स्वतःचं ‘बायोएन्झाइम’ काढलं. केशरी रंग, संत्र्याचं इसेन्स, आमच्या निम्मा भाव आणि बादलीभर फेस! फेसापुढे कोणाचं चालतं? एका महिन्यात आमच्या दोन मोठ्या सोसायट्या गेल्या. “ताई, तुमचं पाणी आंबट वास मारतं आणि फेसही नाही,” असं त्यांचे सेक्रेटरी म्हणाले. अहो, आंबतंय म्हणूनच तर काम करतंय! मी त्याची बाटली आणून तिच्यात आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी बुडवली. आमची पट्टी साडेतीनच्या आसपास रंग दाखवते, त्याची सातवर, म्हणजे आंबटपणा नाहीच. फेसाचं रंगीत पाणी, दुसरं काही नाही. पट्टी घेऊन सोसायटीत गेले, तर वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं आणि गेटवरच बसवलं.

चौदा ड्रम तयार, गिऱ्हाईक नाही. गोफ गहाण पडला. यजमान म्हणाले, नालीत ओत आणि मोकळी हो. त्या आठवड्यात भाऊंनी चार सावजीवाल्यांना माझा नंबर दिला.

शेवटी मीही वाकले. रिठे रात्रभर भिजवायचे, उकळून कुस्करायचे, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे आणि ते पाणी एन्झाइममध्ये मिसळायचं. थोडा फेस येतो. मनाला अजून पटत नाही, पण दोनपैकी एक सोसायटी परत आली.

जाता जाता : वर पांढरी साय धरली तर घाबरू नका, काळी बुरशी आली तर गूळ वाढवा. संगमरवर किंवा शहाबादी फरशीला हे लावू नका, आम्लाने चकाकी जाते. एका आजींचं देवघर मी असंच मंद केलंय, त्या अजून ऐकवतात. आणि ब्लीचिंग पावडरीत तर थेंबही नको, विषारी वायू सुटतो.

तो मुलगा आता फिनाइल विकतो म्हणे. भाऊ दर सोमवारी कॅन नेतात, लिंबांचा डबा ठेवतात आणि दहा रुपये कमी देतात.