मैद्याची खळ

परवा दुपारी जेवून जरा लवंडले होते, तर लेकाच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आलं. सोमवारी कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येकाने ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करून आणायची. लगेच एका आईचा प्रश्न, “टाकाऊ सामान कुठे मिळेल?” दुसरीचं तत्पर उत्तर, “स्टेशनसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडे पूर्ण सेट आहे.”

मी मुद्दाम बघायला गेले. खरंच होता. आइस्क्रीमच्या काड्यांचं भलंमोठं पाकीट होतं, आणि त्यातल्या एकाही काडीला जन्मात आइस्क्रीम लागलेलं नव्हतं. रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या होत्या, म्हणजे ज्यांच्यावर कधी काही गुंडाळलंच नव्हतं अशा. रंगीत लोकरीचे गोळे होते. आणि हलत्या बुबुळांचे ते प्लॅस्टिकचे डोळे. ते कशालाही लावले की काम झालं असं हल्ली धरतात. डब्याला डोळे, बाटलीला डोळे, दगडाला डोळे. मी बाकी काही घेतलं नाही, डोळे तेवढे घेतले. मोह झाला.

घरी येऊन लेकाला म्हटलं, आधी खळ करू. त्याने विचारलं, “खळ म्हणजे?” मला फार बरं वाटलं. एखादी गोष्ट मुलाला इंटरनेटच्या आधी आपण दाखवतोय, असे प्रसंग आता कमीच येतात.

फेविकॉल घरात आहे, नाही असं नाही. 1959 पासून आपलं सगळं फर्निचर त्याच्या भरवशावर उभं आहे, त्याला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण कागदाला कागद चिकटवायचा तर खळच, हा माझा हट्ट. दोन चमचे मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, आणि मंद आचेवर ठेवून हात थांबवायचा नाही. बराच वेळ काहीच होत नाही. नुसतं पांढरं पाणी. मग साधारण 60 अंशांच्या पुढे कधीतरी पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगायला लागतो आणि चमचा एकदम जड लागतो. इथे मुलांचा चेहरा बघावा. पांढरेपणा जातो, एक पारदर्शक झाक येते, चमच्यावरून खळ सलग पडते. गार होताना वर साय धरते. ती बोटाने अलगद उचलून काढायची, आणि हे काम कुणी करायचं यावरून आमच्याकडे मारामाऱ्या व्हायच्या.

आमच्याकडे म्हणजे गिरगावातल्या चाळीत. दिवाळीच्या आधी आकाशकंदिलासाठी खळीचं मोठं पातेलं शिजायचं. पातेलं जर्मलचं, पोचे पडलेलं, एक कान गेलेलं, फक्त खळीसाठी राखलेलं. पण स्टो एकच. त्यावर आईची भाजणी, चकल्या, कडबोळी, आणि त्यात आमची भुणभुण, आई खळ, आई खळ. शेवटी ती तेलाची कढई उतरवायची आणि एवढंच म्हणायची, “पाच मिनिटं. त्यात काय ते उरका.” तळणाच्या वासात शिजलेली ती खळ होती. आजही मैदा शिजायला लागला की मला चकलीचा वास येतो, आणि बाकी कुणाला येत नाही.

आई त्यात मोरचूद घालायची. चिमूटभर निळं, कागदाच्या पुडीत, फळीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. विष आहे, हात लावाल तर याद राखा, अशी तंबी. बुकबाइंडरसुद्धा घालत, म्हणजे खळीला बुरशी धरत नाही आणि किडे पुस्तक खात नाहीत. एका वर्षी पुडी सापडली नाही म्हणून तशीच खळ झाली. माझ्या धाकट्या भावाने त्यातली बोटभर चाटून “मीठ कमी आहे” असा शेरा दिला. आणि माळ्यावर जपून ठेवलेला तो कंदील पुढच्या वर्षी काढला, तर झुरळांनी कागद बरोबर कडेकडेने, जिथे जिथे खळ होती तिथेच खाल्लेला. मधले चौकोन जसेच्या तसे. इतकं नीट कापणं आम्हा कुणालाही कात्रीने जमलं नसतं.

कंदिलाचे सूत्रधार पहिल्या मजल्यावरचे अण्णा. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायचे, सुरीने तासून सारख्या करायचे. व्हरांड्यात सतरंजी, मध्ये अण्णा, भोवती आम्ही. मोठ्यांनी बांधायचं, मधल्यांनी कापायचं, आणि अगदी लहानांनी दोरा धरून बसायचं, यालाही एक मान होता. “अण्णा, माझी कामटी मोडली.” “मोडू दे. छोटी झाली, छोटा चौकोन कर.” त्यांनी कुणाची कामटी मोडली म्हणून आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. स्वतःच्या मुलांवर मात्र चढवत. तेही बसलेले असायचे आमच्यातच.

तो पारंपरिक कंदील सांगाड्यानिशी डोळ्यांसमोर आणा. चार चौकोन कोनांवर उभे करून शेजारशेजारच्या कोपऱ्यांना बांधायचे, वर एक चौकोन, खाली एक. मधल्या फटी आपोआप त्रिकोणी होतात. 6 चौकोन आणि 8 त्रिकोण. पण नुसता सांगाडा भलता डुगडुगतो. इकडून दाबला की तिकडून फुगतो, टांगला की एका बाजूला मान टाकतो. कितीही दोरा गुंडाळा, हे जात नाही. मग पतंगाचा कागद डकवायचा. खळ लागली की तो ओला होऊन लोंबतो, सुरकुततो, सगळ्या मेहनतीचा विचका झालेला दिसतो. रडकुंडीला येऊनच आम्ही झोपायचो. सकाळी उठून बघावं तर कागद वाळून ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला, आणि आख्खा कंदील ताठ. टिचकी मारली की वाजायचा. रात्रभरात कुणी काही केलेलं नसे. खळीतलं पाणी उडालं, कागद आकसला, त्याने कामट्या जागच्या जागी धरून ठेवल्या, एवढंच. मग कागदाच्या करंज्या, झिरमिळ्या, आणि आत 40 वॉटचा बल्ब. माहीमच्या कंदील गल्लीत आज याहून शंभर पटीने देखणे कंदील मिळतात, मी घेतेही. पण टिचकी मारून बघायची सवय गेलेली नाही. दुकानदार रागावतात.

काड्यांचा चौकोन डुगडुगतो आणि त्रिकोण हलत नाही, हे कारणासकट मला फार उशिरा कळलं, अरविंद गुप्तांच्या खेळण्यांमुळे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथे काडेपेटीच्या काड्या न् सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकार करायला लागले. नळीचा तुकडा हा सांधा, काडी ही बाजू. तीन काड्या जोडल्या की घट्ट, चार जोडल्या की चेपणार. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून अशी खेळणी केली. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, ते असो. मला आवडतं ते हे, की त्यांच्या खेळण्याला लागणारी वस्तू घरात सापडते आणि नसली तर तिच्याऐवजी दुसरी चालते.

व्हॉल्व्हची नळी मात्र आता सहज मिळत नाही. नव्या गिअरवाल्या सायकलींच्या व्हॉल्व्हला ती नसतेच. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने डबे उपसून हातभर शोधून दिली आणि पैसे घ्यायला तयार होईना. “पोराच्या शाळेचं आहे ना ताई? न्या.” लेकाने ती नळी आणि काड्या जोडून एक त्रिकोणी मनोरा केला, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खळीने रंगीत कागद. वर डोळे. डोळ्यांना माझी हरकत होती, पण वस्तू त्याची.

खरं तर खळीआधी लगद्याबद्दल सांगायचं होतं. आजी जुने कागद आणि मेथ्या भिजत घालून, वाटून, पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करायची. मेथीमुळे लगदा धरतोही आणि कीडही लागत नाही. सुपाची भोकं बुजवायलाही तोच. पण त्या टोपल्या इतक्या कुरूप असायच्या, की त्यांच्याबद्दल जास्त लिहवत नाही. टिकायच्या मात्र भयंकर.

लग्नपत्रिकांबद्दल लिहायलाच हवं. घरात रंगीत, जाड, सोनेरी कागद येण्याचा तो एकच राजमार्ग. त्यातून काय काय निघायचं! पुस्तकातल्या खुणा, दिवाळीची भेटकार्डं, खेळातले पैसे, बाहुलीच्या घराची दारं. अडचण एकच, गणपती. गणपतीवर कात्री चालवायची नाही आणि गणपती कचऱ्यात टाकायचा नाही. त्यामुळे पत्रिका साठत जायच्या. तुमच्याही घरात साठलेल्या असतील, कपाटाच्या वर, रबर लावून. आईने यावर तोड काढली होती. गणपतीच्या भोवतीने, त्याला धक्का न लावता कापायचं आणि तेवढा एका जाड वहीत खळीने चिकटवायचा. उरलेली पत्रिका मग मुलांना मोकळी.

ती वही माझ्याकडे आहे. पानापानावर गणपती, नाचणारे, बसलेले, पिंपळपानातले, एकाच ओळीत काढलेले. फार जड झाली आहे. भाऊ म्हणतो स्कॅन करून घे आणि विसर्जन कर. मी काहीच करत नाही. मध्ये कुठेतरी वाचलं, की जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे लोक अजून गव्हाच्या स्टार्चची खळच वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते, कागद न फाडता. तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे. यातल्या बऱ्याच गणपतींच्या पाठीवर पत्रिकेच्या आतल्या पानाचा मजकूर असणार. अर्धं नाव, ‘कनिष्ठ सुपुत्र’, ‘यांची ज्येष्ठ कन्या’, एखादी तारीख. चाळीतल्या, गावाकडच्या, आईच्या माहेरच्या लोकांची लग्नं सगळी. जरा ओलं फडकं ठेवलं तर सुटतील.

मग वाटतं, सोडवून बघायचं काय? त्यातली कुठली लग्नं नीट झाली आणि कुठली नाही, हे आईला माहीत होतं. तिने पत्रिका कापली, गणपती तेवढा ठेवला.