दोन फॉर्म सोळा, दोन्हींत कर शून्य

ऑक्टोबर 2024 अखेर 28 वर्षांची नोकरी संपवून मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी आलो. 'फौजीला कसला टॅक्स?' हे जेवणाच्या लंगरात आणि कँटीनच्या रांगेत इतक्यांदा ऐकलं होतं, की मलाही ते खरंच वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात हातात दोन फॉर्म सोळा, म्हणजे वर्षाचं उत्पन्न आणि कापलेला कर यांचे दाखले, आले. एप्रिल ते ऑक्टोबरच्या पगाराचा बेळगावच्या पे अकाउंट्स ऑफिसचा, आणि नोव्हेंबरपासूनच्या पेन्शनचा, फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' या सरकारी पोर्टलवरून उतरवलेला. दोन्हींत कर शून्य. मी निर्धास्त.

तालुक्याला रिटर्न भरून देणारा एकजण आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग सोडून आधीच घेतलेली एकरकमी रक्कम) आणि रजेचे पैसे सगळं उत्पन्नात धरून असा आकडा सांगितला, की चहा घशातच अडकला. वर आवाज खाली करून म्हणाला, "सुभेदार साहेब, थोडी डिसॅबिलिटी दाखवू की, सुटेल सगळं." नोकरीतल्या जखमेपायी ज्यांना घरी पाठवलं, त्यांच्या अपंगत्व पेन्शनवर कर नसतो. माझे हातपाय धड आहेत. कागद उचलले आणि घरी आलो.

मग मी आणि बी.कॉम. करणारी मुलगी, दोन रात्री आयकराच्या पोर्टलसमोर. ग्रॅच्युइटी, कम्युट केलेली पेन्शन आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेले रजेचे पैसे, सैनिकाला हे तिन्ही पूर्ण करमुक्त, कर मोजण्याच्या जुन्या पद्धतीत आणि नव्या पद्धतीतही. रिटर्नमध्ये ते दाखवायचे, पण करमुक्तच्या रकान्यात. दरमहा येणारी पेन्शन मात्र पगारासारखीच करपात्र.

खरी गोम मुलीनेच पकडली. "बाबा, दोघांनीही 75 हजारांची वजावट दिलीय. ती वर्षाला एकदाच मिळते." आकडे गोल करून सांगतो. पगार 6 लाख 85 हजार. वजावट जाऊन 7 लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. पेन्शन 1 लाख 65 हजार, तीही आत. पण एका माणसाचं उत्पन्न एकच! दोन्ही मिळून साडेआठ लाख, वजावटीनंतर 7 लाख 75 हजार. त्या वर्षीची 7 लाखांची मर्यादा ओलांडली, सवलत गेली, आणि उपकरासह 28,600 रुपये कर. आगाऊ कर भरला नव्हता म्हणून व्याज 2,800 च्या वर. निवृत्तीच्या वर्षी हे कुणालाही गाठू शकतं. 'स्पर्श'ला तुमचा पगार माहीत नसतो आणि पगार देणाऱ्याला तुमची पेन्शन.

जुन्या पद्धतीनेही हिशेब करून पाहिला, कारण काश्मीरमधल्या चार महिन्यांचा भत्ता तिथे महिना 3,900 पर्यंत करमुक्त धरता येत होता. जीव त्या भत्त्यात अडकला होता, खोटं कशाला बोलू. पण दीड लाखाची प्रॉव्हिडंट फंडाची वजावट घेऊनही कर 41 हजारांच्या घरात. नवीच बरी.

चलन भरलं, रिटर्न गेलं आणि ओटीपीपाशी गाडी अडली. आधारला जोडलेला नंबर जम्मूचा प्रीपेड, तो इकडे कुठला लागतोय! शेवटी नेटबँकिंगमधून पडताळणी केली. त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते.

हे कळल्यावर आमच्या पलटणीतल्या एका जवानाच्या पत्नी, वहिनी, कागदांची पिशवी घेऊन आल्या. त्यांचे यजमान अतिरेक्यांशी लढताना गेले. अशा मृत्यूनंतरची कुटुंब निवृत्ती पूर्ण करमुक्त असते, पण रिटर्न भरणाऱ्याने ती साधी पेन्शन म्हणून उत्पन्नात धरली होती. "भाऊजी, मला वाटलं सगळ्यांनाच भरावा लागतो," त्या म्हणाल्या. पिशवीत तळाशी, प्लॅस्टिकच्या पाकिटात, ऑपरेशनमध्ये मृत्यू झाल्याचं युनिटचं पत्र होतं. ते आजवर कोणी मागितलंच नव्हतं.