जर्मन कीबोर्ड, काळा कन्सोल आणि ‘लोडकीज’चा घोळ

लॅपटॉप जर्मन कीबोर्डचा, त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली, डेस्कटॉप नाही, नुसता कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करायचा अक्षरांचा पडदा. इन्स्टॉल करताना लेआउट, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर ही मांडणी, अमेरिकन राहून गेला होता. त्यामुळे वाय आणि झेडची अदलाबदल, आणि 7 वर छापलेला तिरपा दांडा शिफ्टसकट दाबला की अँपरसँड, म्हणजे ‘अँड’चं चिन्ह. खरा दांडा निघतो उजव्या शिफ्टला चिकटलेल्या, डॅश छापलेल्या कीमधून. हे आधी पाठ करा, कारण मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्समध्येच असलेल्या कमांडच्या माहितीपानात, शब्द शोधायचा तर तोच दांडा लागतो. आणि डॅश हवा तर शून्याच्या उजवीकडची की.

नेट नव्हतं, म्हणून भिस्त मॅनवर. कन्सोलचा लेआउट बदलणारी कमांड लोडकीज, तिचं पान सरळ सांगतं: कमांड द्या, पुढे लेआउटचं नाव. ‘लोडकीज डी-ई’ (डी-ई म्हणजे जर्मन) टाइप केलं, वायसाठी झेड दाबून. उत्तर आलं, फाइल उघडता येत नाही. सुडो लावलं, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवलं, तेच. स्पेलिंग तपासलं, तेच. पानात कीमॅपचं, म्हणजे लेआउटच्या फाइलींचं, फोल्डर दिलंय, ते शोधायला गेलो तर फोल्डरच नाही!

वैताग याचा की पान खोटं बोलत नाही, फक्त ते सगळ्या लिनक्ससाठी लिहिलेलं आहे. डेबियन 12 मध्ये लोडकीज येतो, पण तयार कीमॅप त्याच्याबरोबर येत नाहीत. ते कन्सोल-डेटा या वेगळ्या पॅकेजात असतात. एरवी कन्सोलचा कीमॅप एक्सकेबीच्या, म्हणजे ग्राफिकल डेस्कटॉपच्या कीबोर्ड-व्यवस्थेच्या, लेआउटवरून तयार केला जातो, आणि ते काम ‘सेटअपकॉन’ करतो. म्हणजे वाचायची पानं दोन: सेटअपकॉन, आणि मॅनच्या पाचव्या विभागातलं ‘कीबोर्ड’. लोडकीजच्या पानात कितीही डोकं घातलं तरी हे कळणार नाही.

पुढचं पाच मिनिटांचं. ‘ईटीसी’खालच्या ‘डिफॉल्ट’मध्ये ‘कीबोर्ड’ नावाची फाइल आहे. तिच्यातल्या एक्सकेबीलेआउटच्या ओळीत यू-एसच्या जागी डी-ई करा. अवतरणचिन्हं आणि बरोबरचं चिन्ह तिथे असतातच, त्यांना हात लावू नका. ती चिन्हं शोधत बसणं वाचतं. मग रूट, म्हणजे प्रशासक, म्हणून सेटअपकॉन चालवा. हा प्रत्यक्ष कन्सोलवरच चालवायचा. एसएसएचमधून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून जोडून, चालवलात तर आपण कन्सोलवर नाही म्हणून तो काहीच बदलत नाही.

डिस्क एनक्रिप्ट केली असेल तर बूटच्या वेळच्या फाइली ताज्या करणारी ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ ही कमांडही लगेच चालवा, नाहीतर बूट होताना पासफ्रेज जुन्याच लेआउटमध्ये मागितली जाईल. आणि हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं: पासवर्डात वाय, झेड किंवा चिन्हं असतील तर लेआउट बदलण्याआधी तो साध्या अक्षरांचा करून घ्या. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, चूक कळत नाही.

कुठली की काय पाठवते ते ‘शोकी’ ही कमांड दाखवते. त्यातून बाहेर पडायला कंट्रोल-सी चालत नाही. शेवटची की दाबल्यावर 10 सेकंद हात आवरा, ती आपोआप बंद होते.

मराठीसाठी हाच खटाटोप करू नका. कन्सोलच्या फाँटात जास्तीत जास्त 512 आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय तिथे नाही.