चमचा तिरका केला तर

सोमवार

वरचं अन्न सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, बाळ वाटी चाटूनपुसून संपवतं, तरी वजन वाढत नाही. अशा वेळी सगळ्यांचा रोख बाळाच्या पचनाकडे वळतो. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' असं म्हणून मंडळी मोकळी होतात. मी म्हणेन, आधी वाटीत काय आहे ते नीट बघा. बहुतेक वेळा वाटीत अन्न थोडं आणि पाणीच जास्त असतं.

हिशेब सोपा आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिली मावतं. म्हणजे 7 किलोच्या बाळाला 200 मिलीच्या आसपास, तेही पूर्ण भरलं तर. आईच्या दुधात 100 मिलीला 65 ते 70 कॅलरी असतात. डाळीचं वरचं पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, पातळ पेज यांत तेवढ्याच मापाला 20-30 कॅलरी निघाल्या तरी पुष्कळ. दुधाची जागा अडवून आपण दुधापेक्षा हलकं काहीतरी पोटात भरतो. पोट टम्म झालेलं बाळ मग पुढचं दूधही निम्म्यावर सोडतं.

पारख करायची तर चमच्यात अन्न घेऊन चमचा तिरका करावा. चिकटून राहिलं आणि सावकाश घसरलं, तर दाटपणा बरोबर. धार लागली तर पातेलं पुन्हा गॅसवर चढवून आटवावं.

आईचं दूध पिणाऱ्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून 6 ते 8 महिन्यांत दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, 9 ते 11 महिन्यांत 300 आणि वर्षानंतर 550. आकडे छोटे वाटतात, पण पातळ पेजेतून 200 कॅलरी द्यायच्या तर जवळजवळ लिटरभर पेज पाजावी लागेल.

मंगळवार

वजन वाढत नाही असं म्हणण्याआधी ते खरंच वाढत नाही का, हे तपासायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढीच्या तक्त्यांत मुलग्यांचं मधलं वजन सहा महिन्यांना 7.9 किलो, नऊ महिन्यांना 8.9 आणि वर्षाला 9.6 आहे. मुलींचं 7.3, 8.2 आणि 8.9. सुरुवातीच्या तीन महिन्यांत महिन्याला किलोभर वाढणारं बाळ सहाव्यानंतर महिन्याला 300-350 ग्रॅमवर येतं, नवव्यानंतर अडीचशेच्या आसपास. हा वेग कमी होणारच असतो. त्याच सुमाराला वरचं अन्न सुरू होतं, म्हणून दोष अन्नावर जातो.

आणि मोजण्यातली चूक या वाढीएवढी सहज असू शकते. भिजलेला डायपर दीडशे-दोनशे ग्रॅमचा, नुकतंच प्यायलेलं दूध शंभर-दीडशे ग्रॅमचं. म्हणजे एका महिन्याची कमाई कपड्यांत आणि दुधात गायब होऊ शकते किंवा फुकट मिळू शकते. त्यामुळे काटा तोच, कपडे नाहीत, डायपर नाही, वेळ दूध पाजण्याआधीची. सहाव्या महिन्यानंतर निरोगी बाळाचं वजन महिन्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर ठेवलं तर वजन कळत नाही, फक्त जीव टांगणीला लागतो.

नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी आधी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून धरायचं. दोन महिने आधी आलेलं आठ महिन्यांचं बाळ तक्त्यावर सहा महिन्यांचं असतं. हे विसरलं की उगाचच घाबरगुंडी उडते.

बुधवार, रात्री

आज वाटीबद्दल. साधारण 60 ग्रॅम मऊ शिजलेला भात आणि 30 ग्रॅम घट्ट शिजलेली डाळ चमच्याने रगडायची, वर एक चहाचा चमचा तेल, तूप किंवा लोणी. कोमट पाण्याने किंवा आईच्या दुधाने थोडं सैल केलं तरी हे सगळं 120 ग्रॅमच्या आत बसतं आणि कॅलरी होतात 150 च्या घरात. भात-डाळीऐवजी बटाटा आणि पूर्ण उकडलेलं अंडं घेतलं तरी गणित फार बदलत नाही. एक चमचा तेलात 40 कॅलरी असतात आणि त्याने वाटीचा आकार वाढत नाही, हा खरा फायदा. पण उत्साहाच्या भरात तीन-चार चमचे ओतायचे नाहीत. तेलात ना प्रथिनं, ना लोह. कॅलरी तेलातूनच भरल्या तर बाकीचं खायला भूक उरत नाही, शिवाय शौचाला पातळ होऊ लागतं. एका जेवणाला एक चमचा पुरतो.

गाजर, दुधी, सफरचंद यांची प्युरी (शिजवून केलेला गुळगुळीत लगदा) रंगाला छान दिसते, पण 100 ग्रॅमला पन्नास कॅलरींच्या आतच. ती जोडीला असावी, जेवण म्हणून नको. केळं, अव्हाकाडो, रताळं, मलई न काढलेलं दही त्यापेक्षा कामाचं.

लोहाकडे मात्र बारकाईने बघावं. पूर्ण दिवसांच्या बाळाचा जन्मजात साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. लोह कमी पडलं की भूक मंदावते. भूक मंदावली की बाळ खात नाही, आणि लोह आणखी घटतं. म्हणून मांस, मासे, अंडं, डाळी यांपैकी काहीतरी रोज हवं. डाळीतलं लोह नीट शोषलं जावं म्हणून त्याच जेवणात लिंबाचे चार थेंब किंवा टोमॅटो.

शेंगदाण्याची अगदी गुळगुळीत पेस्ट अर्धा चमचा, कोमट पाण्यात सैल करून, लापशीत मिसळता येते. घट्ट पेस्टचा गोळा घशात अडकतो, आणि अख्खे दाणे तर पाच वर्षांपर्यंत नकोतच. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर शेंगदाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मीठ, साखर वर्षाच्या आत घालायची नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम (अंग लुळं पाडणारी विषबाधा) होऊ शकतो.

शुक्रवार

पिठाच्या लापशीची अडचण वेगळी आहे. पीठ शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. पोषण पुरेल इतकं पीठ घातलं तर लापशी इतकी घट्ट होते की सात महिन्यांच्या बाळाला गिळवत नाही. म्हणून पाणी वाढवलं जातं, आणि गाडी पुन्हा पातळ पेजेवर येते.

यावर मोडाच्या पिठाचा उपाय आहे, आणि तो हवा तितका वापरला जात नाही याची मला हळहळ वाटते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट लापशीत हे पीठ घातलं की पाण्याचा थेंबही न वाढवता ती डोळ्यांदेखत सैल होते.

गहू 8 ते 12 तास भिजवायचे, निथळून ओल्या फडक्यात बांधायचे, दिवसातून दोनदा धुवायचे. एक-दोन दिवसांत बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे मोड येतात. कुबट वास आला किंवा बुरशीचे तंतू दिसले तर सगळे फेकायचे. वरचे काढून खालचे वापरणं नको. कडकडीत वाळवून, मोड चोळून काढून, दळून हवाबंद बरणीत. खमंग भाजायचा मोह टाळायचा, कारण जास्त उष्णतेने विकर मरतं आणि उरतं ते साधं पीठ.

दोन मोठे चमचे साधं पीठ 100 मिली पाण्यात शिजवायचं. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं की खाली उतरवायचं. वाफ येत असावी पण उकळी नसावी. उकळत्यात घातलं तर काहीच घडत नाही, आणि 'हे काम करत नाही' म्हणून लोक नाद सोडतात ते याच पायरीवर. आता मोडाचं पीठ अर्धा ते एक चहाचा चमचा घालून ढवळत राहायचं. आधी कडेने चकाकी येते, मग मधला गोळा सुटतो आणि पाच-दहा मिनिटांत लापशी वाहू लागते. मग परत एक उकळी, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतात. वर चमचाभर तेल. सोमवारी लिहिलेली चमच्याची पारख इथे मात्र फसते: ही लापशी धार लागून पडते, तरी पोषणाने घट्टच असते. बाळाने गहू आधी खाऊन पाहिलेला असावा, एवढी एकच अट.

शनिवार

दूध आधी की जेवण? सहाव्या-सातव्या महिन्यात दूध हेच मुख्य अन्न, म्हणून आधी दूध आणि तास-दीड तासाने वाटी. नवव्यानंतर क्रम उलटा केलेला चालतो. वाईट तेव्हा होतं, जेव्हा दर तासाला थोडं दूध, थोडं बिस्कीट, थोडा ज्यूस चालू राहतो. बाळ कधी उपाशी नसतं आणि कधी पोटभर जेवतही नाही. ज्यूस वर्षाच्या आत नकोच. पाणी जेवणासोबत दोन-चार घोट.

सुरुवात दोन-तीन मोठ्या चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत 250 मिलीच्या पेल्याच्या निम्म्यापर्यंत, दोन-तीन वेळा. नवव्यानंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ.

डब्याच्या दुधात जास्त पावडर घालून ते 'ताकदीचं' करणं धोक्याचं आहे. पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिलं असेल तरच.

सोमवार

भरवण्याच्या पद्धतीने वजन जितकं बिघडतं, तितकं पदार्थाने क्वचितच. मान फिरवणं, ओठ मिटणं, चमचा ढकलणं म्हणजे पुरे. त्यानंतर गाल दाबून घातलेले चार घास आजच्या वाटीत जमा होतात आणि उद्याच्या दोन वाट्या घालवतात, कारण चमचा दिसला की बाळ रडू लागतं. मोबाईल दाखवून भरवलं तर घास जातात खरे, पण भूक आणि पोट भरणं यांची जाण बोथट होते. एक जेवण अर्ध्या तासात आटपावं.

नववा-दहावा महिना उलटला तरी सगळं मिक्सरमधून काढत राहिलं तर पुढे गुठळी लागली की बाळ ओकारी काढतं. आठव्या महिन्यापासून काट्याने रगडलेलं, मग मऊ तुकडे.

जुलाब आणि ताप यांत महिन्याची वाढ आठवड्यात जाते. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हात साबणाने धुवावेत. आजारात दूध आणि अन्न चालू ठेवावं, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं. त्या दिवसांत भूक खवळलेली असते, तिचा फायदा घ्यावा.

आणि कधी हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं? वजनाची रेघ तक्त्यावरच्या दोन ठळक रेघा ओलांडून खाली आली तर. दूध पिताना घाम येतो, धाप लागते तर. सतत उलट्या, लांबलेले जुलाब, शौचात रक्त, लघवी कमी. दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर लवकरात लवकर, 11.5 च्या खाली असेल तर त्याच दिवशी. जाताना आधीच्या तीन दिवसांची नोंद न्यावी: किती वाजता, किती चमचे, वाटीत काय, तेल घातलं का, दूध किती वेळा, डायपर किती ओले. 'काहीच खात नाही' या वाक्यातून डॉक्टरांना फारसं हाती लागत नाही. त्या कागदातून लागतं.